दाब असतानाच पेशी पाहण्याची सोय : एका उच्चदाब सूक्ष्मदर्शन संचाचे परीक्षण

प्रथिनांवर आणि जिवंत पेशींवर उच्च दाबाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी सूक्ष्मदर्शकावर बसवता येणारे लहान दाबकक्ष मिळतात. असा एक संच आमच्या प्रयोगशाळेत बराच काळ वापरात आहे आणि हे परीक्षण त्याविषयी आहे. मुठीत मावेल एवढा धातूचा दाबकक्ष, त्याला समोरासमोर बसवलेल्या नीलमाच्या दोन खिडक्या, हाताने फिरवायचा स्क्रू-पंप, एक दाबमापक, दोन झडपा आणि या सर्वांना जोडणाऱ्या पोलादी केशनलिका, एवढेच त्याचे स्वरूप आहे. त्याची कमाल मर्यादा ४०० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट आहे. समुद्राच्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशी दाब ११० मेगापास्कलच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले तर जीवसृष्टीला निसर्गात सोसावा लागणारा दाब या कक्षात सहज गाठता येतो. निर्मात्याचे नाव येथे घेतलेले नाही. याच रचनेचे संच एकाहून अधिक ठिकाणी बनतात आणि पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः त्या रचनेविषयी आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. जिवंत पेशींच्या निरीक्षणासाठी, विशेषतः साधारण १५० मेगापास्कलपर्यंतच्या कामासाठी, हा संच अतिशय चांगला आहे. प्रथिनांची घडी, म्हणजे त्यांच्या साखळीला आलेला गुंडाळलेला आकार, दाबाने कशी उलगडते हे मोजण्यासाठी मात्र तो अपुरा आहे आणि सोबतची माहितीपुस्तिका त्या कामात वापरणाऱ्याची दिशाभूल करू शकते.

या संचाचे मोल समजण्यासाठी दाबाच्या परिणामांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. त्यांपैकी फार मोठा भाग दाब काढताच उलटतो. भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी १९१४ मध्ये अंड्याच्या पांढऱ्यावर दाब देऊन पाहिला. सुमारे पाच हजार वातावरणांच्या पुढे तो घट्ट होऊ लागला आणि सात हजार वातावरणांवर अर्धा तास ठेवल्यावर उकडल्यासारखा गोठला. हा बदल कायमचा होता, म्हणूनच भांडे उघडल्यावर तो त्यांना दिसू शकला. परंतु त्याहून कितीतरी कमी दाबावर, जिथे अनेक उपघटकांचे प्रथिन सुटे होते, पेशीच्या सांगाड्यातील सूक्ष्मनलिका विरतात किंवा जीवाणूचे पोहणे थांबते, तिथे भांडे उघडल्यावर पुष्कळदा सारे पूर्ववत झालेले असते. आधी आणि नंतर असे दोन नमुने तपासणाऱ्या प्रयोगाला हा सगळा मधला प्रदेश दिसतच नाही. माझ्या मते जीवशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रदेश हाच आहे, कारण खोल समुद्रातले जीव याच दाबात जगतात आणि उथळ पाण्यातल्या जीवांची खाली जाण्याची मर्यादाही येथेच ठरते.

दाब एवढे सगळे कशाच्या जोरावर करतो, याचे उत्तर आकारमानात आहे. ज्या अवस्थेचे एकूण आकारमान कमी, तिच्याकडे समतोल झुकतो, हे ल शातेलिए यांचे तत्त्व येथे थेट लागू पडते. घडी घातलेल्या प्रथिनाच्या आत अणू कितीही नीट रचलेले असले तरी लहान लहान पोकळ्या उरतात, ज्यांत पाण्याचा रेणू शिरू शकत नाही. घडी उलगडली की त्या पोकळ्या नाहीशा होतात आणि प्रथिन व त्याभोवतीचे पाणी यांचे मिळून आकारमान किंचित घटते. ही घट प्रथिनाच्या स्वतःच्या आकारमानाच्या एक-दोन टक्क्यांहूनही बहुधा कमीच असते, तरी शेकडो मेगापास्कलच्या दाबाखाली तेवढी पुरते. स्टॅफिलोकॉकल न्यूक्लिएज या प्रथिनात मुद्दाम पोकळ्या निर्माण करून केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पोकळी वाढवली की उलगडण्यातली आकारमानाची घट वाढते, हे स्पष्ट दिसले. विरुद्ध भार असलेल्या गटांमधील जोड्या तुटतात तेव्हा प्रत्येक भाराभोवती पाण्याचे रेणू अधिक दाटीने जमतात, त्यामुळे तेथेही आकारमान घटते. साखळीतील अणूंना एकमेकांशी बांधणाऱ्या सहसंयुज बंधांना मात्र या पातळीचा दाब स्पर्श करत नाही. प्रथिनाची साखळी अखंड राहते. बदलतो तो तिचा आकार आणि तिचे इतरांशी असलेले बंध.

आता प्रत्यक्ष उपकरणाकडे वळतो. दाबकक्ष टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे. मिठाचे द्रावण आणि पेशींचे पोषक माध्यम यांच्या सतत संपर्कात येणाऱ्या भागासाठी ही निवड योग्य आहे, कारण साधे पोलाद या द्रावणांत हळूहळू खराब होते आणि सुटलेले धातूचे आयन पेशींना बाधतात. खिडक्या ज्या बैठकीवर टेकतात ती बैठक आरशासारखी सपाट घासलेली आहे आणि खिडकी व धातू यांच्यामध्ये कोणतेही रबर नाही. आतला दाबच खिडकीला बैठकीवर आवळून धरतो आणि दाब जसा वाढतो तशी ही जोडणी अधिक घट्ट होते. उच्चदाबाच्या कामात ही पद्धत गेल्या शतकापासून रूढ आहे आणि ती येथे काळजीपूर्वक अमलात आणलेली दिसते. रात्रभर दाब धरून ठेवल्यावरही मापकातला फरक खोलीच्या तापमानातील चढउताराने समजावता येईल इतकाच राहतो. प्रथिनांच्या कामात या गुणाला विशेष महत्त्व आहे. दाबाखाली घडी घालण्याची क्रिया बहुधा मंदावते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर समतोल येण्यासाठी पुष्कळ वेळ थांबावे लागते. तेवढ्या वेळात दाब निसटत गेला तर मिळालेल्या आलेखाला काही अर्थ उरत नाही.

या बैठकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्यावर धुळीचा एक कण जरी राहिला, तरी दाब वाढवताना त्या बिंदूवर ताण एकवटतो आणि खिडकीला तडा जाऊ शकतो. म्हणून खिडक्या बसवण्याचे काम स्वच्छ जागी, भिंगाखाली पाहून आणि घाई न करता करावे लागते. नव्या विद्यार्थ्याला हे शिकवायला वेळ लागतो. ज्या प्रयोगशाळेत माणसे सतत बदलत असतात, तिने ही बाब खरेदीपूर्वी गांभीर्याने विचारात घ्यावी.

नमुन्याची जागा अगदी थोडी आहे आणि दाब वाहणारे पाणी नमुन्यापासून लवचिक पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले आहे. पडद्यातून दाब पूर्णपणे पलीकडे पोहोचतो, पण द्रावण मिसळत नाही, त्यामुळे पंपातील पाण्याची अशुद्धी पेशींपर्यंत जात नाही. पंप हाताने फिरवायचा असल्याने दाब चढवण्याचा वेग आपल्या हातात राहतो. मला हे यांत्रिक पंपापेक्षा बरे वाटते, कारण दाब वाढवताना पाणी तापते. सामान्य तापमानाला पाण्यावर १०० मेगापास्कल दाब झटकन दिला तर त्याचे तापमान सुमारे तीन अंशांनी वाढते आणि दाब काढताना तेवढेच उतरते. तापमानातला तीन अंशांचा धक्का जीवाणूच्या हालचालीत स्वतःच बदल घडवू शकतो. सावकाश पंप फिरवून धातूला उष्णता वाहून नेण्यास वेळ दिला तर ही अडचण बरीचशी टळते. कक्षाभोवती तापमान राखणारे पाणी खेळवण्याची वाट दिलेली आहे, परंतु तापमापक धातूच्या भिंतीत बसवला आहे, नमुन्याजवळ नाही. ही या रचनेतली खरी उणीव आहे, कारण दाबातील झटपट बदलानंतर पहिल्या मिनिटात नमुना नेमक्या किती तापमानाला आहे हे त्यावरून कळत नाही.

प्रतिमेच्या गुणवत्तेविषयी अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. ४०० मेगापास्कल पेलणारी खिडकी जाड असणे अपरिहार्य आहे आणि जाड खिडकीपलीकडचा नमुना पाहण्यासाठी लांब अंतरावरून काम करणारे वस्तुभिंग लागते. तेलात बुडवून वापरायच्या भिंगांची सूक्ष्मता येथे मिळत नाही. पेशीचा बाह्य आकार, जीवाणूची हालचाल, केंद्रकाची सीमा, प्रतिदीप्त (म्हणजे प्रकाश पडल्यावर स्वतः उजळणाऱ्या) रंगाने उजळलेल्या तंतूंचे जाळे एवढे चांगले दिसते. त्याहून बारीक तपशिलासाठी हा मार्ग नाही. दाब वाढला की पाण्याचा अपवर्तनांकही (प्रकाशकिरण वळवण्याचे माप) वाढतो, दर १०० मेगापास्कलला सुमारे ०.०१३ इतका, आणि खिडकीही किंचित वाकते. परिणामी प्रत्येक पायरीला प्रतिमा पुन्हा जुळवावी लागते. संचासोबत दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही जुळवणी आपोआप करण्याची सोय आहे आणि ती साधारणपणे ठीक चालते. मात्र तेच सॉफ्टवेअर दाब बारमध्ये दाखवते आणि पुस्तिका मेगापास्कलमध्ये बोलते. एक मेगापास्कल म्हणजे दहा बार, एवढाच हा हिशेब असला तरी थकलेल्या अवस्थेत केलेली दहापटीची चूक या उपकरणात धोकादायक ठरू शकते. एकाच संचात दोन एकके ठेवण्याचे समर्थन मला करता येत नाही.

पेशींच्या कामात हा संच खरोखर फुलतो. ई. कोलाय या जीवाणूचे उदाहरण घेतो, कारण त्याच्याविषयी पूर्वीची माहिती भरपूर आहे आणि म्हणून नवे उपकरण पारखायला तो सोयीचा आहे. दाब चढवत नेला की पोहणाऱ्या जीवाणूंची संख्या आणि त्यांचा वेग दोन्ही कमी होत जातात. जपानमध्ये निशियामा आणि सोवा यांनी २०१२ मध्ये दाखवले की ८० मेगापास्कलला पोहणे पूर्ण थांबते आणि दाब काढल्यावर बहुतेक जीवाणू लगेच पुन्हा पोहू लागतात. आमच्या कक्षात हेच चित्र स्पष्टपणे दिसले. थांबलेले जीवाणू पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी नुसते थरथरत असतात. झडप उघडली की पाहता पाहता दृश्य जागे होते. ज्याने हे दाबाखाली पाहिलेले नाही आणि केवळ आधीचा व नंतरचा नमुना पाहिला आहे, तो या जीवाणूवर ८० मेगापास्कलचा काही परिणाम होत नाही असे प्रामाणिकपणे लिहून बसेल.

त्याच जीवाणूची वाढ दाबाखाली चालू ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते. दहाच्या काही पट मेगापास्कलांच्या पातळीवर पेशी वाढत राहते, पण दुभंगत नाही, आणि लांबच लांब धाग्यासारखी होते. विभाजनाच्या जागी एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे तयार व्हावे लागते. हे प्रथिन सुट्या घटकांची साखळी बनवते आणि दाब त्या साखळीला सुट्या घटकांकडे ढकलतो. थोडा आणखी दाब दिला की डीएनएची प्रत काढणे, मग प्रथिने तयार करणे आणि त्याहून वरच्या दाबाला आरएनए तयार करणे मंदावते. या क्रमात माझ्या मते दाबाच्या जीवशास्त्राचा गाभा आहे. पेशी मरते ती सगळी प्रथिने उलगडली म्हणून नव्हे. अनेक घटकांनी मिळून उभारायच्या रचना, म्हणजे विभाजनाचे कडे, प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचे दोन भाग, सूक्ष्मनलिका, या एकेका प्रथिनाच्या घडीपेक्षा कितीतरी आधी डळमळतात. एकेक प्रथिन साधारण २०० मेगापास्कलच्या पुढेच उलगडू लागते, काही तर त्याच्या कैक पट दाब सोसतात; याउलट पेशीची कामे १०० मेगापास्कलच्या आतच ठप्प झालेली असतात. एकाच कक्षात, एकाच दिवशी, दाबाची पायरी एकेक करत वर नेऊन हा क्रम डोळ्यांनी पाहता येणे ही या संचाची सर्वांत मोठी देणगी आहे.

सस्तन प्राण्यांच्या पेशींवरही आम्ही हा कक्ष वापरला. काचेला चिकटून पसरलेल्या पेशी दाबाखाली गोल होऊ लागतात, त्यांच्या सूक्ष्मनलिकांचे जाळे विरळ होते आणि दाब पुरेसा कमी व थोडाच वेळ दिला असेल तर त्या पुन्हा पसरतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या तर्कुतंतूंना दाब विरवतो, हे ज्ञान जुने आहे. डग्लस मार्सलंड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच समुद्री प्राण्यांच्या अंड्यांमध्ये दाबाने विभाजनाची खाच थांबते हे दाखवले होते. या पेशींसोबत काम करताना एक अडचण येते. त्यांच्या माध्यमाचे पीएच (आम्लतेचे माप) सामान्यतः कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांच्या समतोलावर राखलेले असते. बंद कक्षात वायू आत-बाहेर जाऊ शकत नाही आणि दाबाने तो समतोलही सरकतो. म्हणून अशा प्रयोगात वेगळा बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारे द्रावण, घ्यावा आणि कक्ष भरताना हवेचा एकही बुडबुडा आत राहणार नाही याची खात्री करावी. बुडबुडा राहिला तर तो दाबाखाली विरघळतो आणि दाब काढताना पुन्हा बाहेर पडून पेशी फाडू शकतो. मग ती इजा दाबाची म्हणून नोंदली जाते. पुस्तिकेत बुडबुड्याचा उल्लेख केवळ पंपाच्या संदर्भात आहे. पेशींच्या संदर्भात तो ठळकपणे यायला हवा होता.

पेशीपटलाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. दाब वाढवणे पटलातील मेदरेणूंसाठी थंडी वाढवण्यासारखेच असते. रेणूंच्या शेपट्या सरळ होतात, दाटीवाटीने बसतात आणि पटल आखडते. स्थूलमानाने १०० मेगापास्कल दाब हा तापमान वीस अंशांनी उतरवण्याइतका परिणाम करतो. ई. कोलायला ५३ मेगापास्कल दाब दिल्यावर त्याने उष्णतेच्या धक्क्याला आणि थंडीच्या धक्क्याला उत्तर म्हणून बनवली जाणारी, अशी दोन्ही प्रकारची प्रथिने एकाच वेळी वाढवल्याचे १९९३ मध्ये नोंदले गेले. प्रथिनांच्या घडीवर आलेले संकट उष्णतेसारखे आणि पटलावर आलेले संकट थंडीसारखे, असे पाहिले तर ही दुहेरी प्रतिक्रिया चमत्कारिक वाटत नाही. खोल समुद्रातले जीव असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवून पटल सैल ठेवतात, तर मासे शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड साठवून प्रथिने सावरतात. या द्रव्याचे प्रमाण खोलीबरोबर वाढत जाते. पटलाची सैलता दाखवणाऱ्या प्रतिदीप्त रंगांसाठी हा कक्ष चांगला उपयोगी पडतो, कारण त्यात प्रखर सूक्ष्मतेची गरज नसते, केवळ रंगातील बदल मोजायचा असतो.

दाबप्रिय जीवाणूंच्या अभ्यासासाठी मात्र या संचाची एक मर्यादा मूलभूत आहे. मारियाना गर्तेतून मिळालेला एमटी-४१ हा जीवाणू यायानोस आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये वर्णिला. त्याची वाढ सुमारे ६९ मेगापास्कलला उत्तम होते आणि वातावरणाच्या दाबाला तो वाढतच नाही. अशा जीवाला कक्षात भरताना दाब काही काळ काढावाच लागतो. थोडा वेळ ते चालून जाते, पण ज्या जीवांना एकदाही दाब उतरलेला सोसत नाही, त्यांच्यासाठी दाब न सोडता नमुना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेण्याची जोडणी हवी. ती या संचाला नाही आणि बाहेरून जोडण्याची सोयही ठेवलेली नाही.

आता प्रथिनांविषयी. येथे मी अधिक कडक आहे, कारण जाहिरातीत प्रथिनांचे नाव पेशींच्या आधी येते. प्रथिनाची घडी उलगडताना पाहण्याचा रूढ मार्ग म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची प्रतिदीप्ती. घडीच्या आत असताना हा गट सुमारे ३३० नॅनोमीटरला प्रकाश देतो आणि उलगडून पाण्यात उघडा पडला की ३५० नॅनोमीटरच्या पुढे सरकतो. नीलम अतिनील प्रकाश चांगला जाऊ देतो, त्यामुळे खिडकीकडून अडथळा नाही. परंतु संचासोबत मिळणारी भिंगे आणि प्रकाशवाट दृश्य प्रकाशासाठी बनवलेली आहेत आणि अतिनील प्रकाश त्यांतच अडतो. म्हणजे प्रथिनाला बाहेरून रंग जोडावा लागतो आणि तो रंग स्वतः दाबाला कसा वागतो ते वेगळे तपासावे लागते. हरित प्रतिदीप्त प्रथिन, म्हणजे जीएफपी, पिंपासारख्या घट्ट घडीमुळे शेकडो मेगापास्कल सोसते, म्हणून खुणेसाठी ते चांगले; पण पीएच घसरला की त्याची उजळता बदलते, आणि दाबाखाली पीएच घसरणे हीच या कामातली सर्वांत मोठी दिशाभूल आहे. लाल प्रकाशात मोजमाप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नीलमात क्रोमियमचा अंश असेल तर खिडकी स्वतः ६९४ नॅनोमीटरच्या जवळ उजळते. रिकाम्या कक्षाचे मोजमाप आधी घेतल्याशिवाय त्या पट्ट्यात काम करू नये.

पीएचचा मुद्दा थोडा विस्ताराने लिहितो, कारण माहितीपुस्तिकेतील नमुना प्रयोग नेमका येथे चुकतो. तिच्यात सर्व कामासाठी फॉस्फेट बफर सुचवलेला आहे. फॉस्फेटचा आयन आणखी एक प्रोटॉन सोडतो तेव्हा नवा भार निर्माण होतो, त्याभोवती पाणी दाटते आणि आकारमान दर मोलला सुमारे २५ मिलिलिटरने घटते. दाब ही क्रिया पुढे ढकलतो आणि परिणामी १०० मेगापास्कलला द्रावणाचा पीएच जवळपास ०.४ ने उतरतो. ३०० मेगापास्कलपर्यंत गेलेला प्रयोगकर्ता तटस्थ द्रावणात काम करतो आहे असे समजत असतो, प्रत्यक्षात त्याचे द्रावण आम्लाकडे गेलेले असते आणि प्रथिन दाबाने उलगडले की आम्लतेने, हे त्याला सांगता येत नाही. ट्रिस बफरमध्ये प्रोटॉन सुटताना भारांची एकूण संख्या बदलत नाही, म्हणून आकारमानातील फरक नगण्य असतो आणि दाबाचा पीएचवर फारसा परिणाम होत नाही. त्याचा दोष असा की तो तापमानाला संवेदनशील आहे. म्हणून तापमान स्थिर ठेवून ट्रिस वापरावा. उच्चदाबावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असते, मात्र नवख्या माणसाच्या हाती पुस्तिका पडते, अनुभवी सहकारी नव्हे. पुढच्या आवृत्तीत हे एक पान बदलले तरी अनेकांचे महिने वाचतील.

तापमानाची मर्यादाही प्रथिनांच्या कामात खटकते. दाब आणि तापमान यांच्या आलेखावर प्रथिन ज्या प्रदेशात घडीत राहते तो प्रदेश साधारण लंबवर्तुळाकार असतो, हे हॉली यांनी १९७१ मध्ये मांडले. तापवले तरी, दाबले तरी आणि पुरेसे थंड केले तरी घडी मोडते. ब्रिजमन यांनीही अंड्याचा पांढरा कमी तापमानाला अधिक सहज गोठतो असे नोंदले होते. दाबाखालच्या पाण्याची या अभ्यासाला मोठी मदत होते, कारण २०० मेगापास्कलच्या थोड्या पुढे पाणी उणे २२ अंशांपर्यंत द्रव राहते आणि थंडीने उलगडणारे प्रथिन बर्फाशिवाय पाहता येते. धातूचा हा कक्ष त्या तापमानाला टिकेल, पण दिलेली थंडीची व्यवस्था शून्याखाली जात नाही आणि खिडक्यांवर बाहेरून दव साचू नये म्हणून कोरडी हवा सोडण्याची सोय नाही. इतका चांगला दाब धरणारा कक्ष हाताशी असताना आलेखाचा अर्धा भाग दुर्गम राहतो, याची मला मनापासून खंत वाटते.

अनेक उपघटकांची प्रथिने सुटी होताना पाहणे हे काम मात्र या संचात बऱ्यापैकी जमते. ते बहुधा २०० मेगापास्कलच्या आतच घडते आणि दोन घटकांवर वेगवेगळे रंग जोडून त्यांच्यातील अंतर वाढल्याचे टिपता येते. जीवरसायनशास्त्रज्ञ ग्रेगोरिओ वेबर यांनी १९८० च्या दशकात दाबाचा वापर करून अशा प्रथिनांचा जो अभ्यास सुरू केला, त्या परंपरेतील प्रश्न येथे विचारता येतात. चुकीच्या रीतीने गोळा झालेली प्रथिने मध्यम दाबाने सुटी करून पुन्हा योग्य घडीत आणण्याच्या प्रयोगाची पहिली चाचपणीही येथे होऊ शकते, परंतु नमुना इतका थोडा मावतो की मिळालेले प्रथिन पुढच्या तपासणीला पुरत नाही.

निर्जंतुकीकरणाच्या अभ्यासासाठी हा संच घेऊ नये. त्या क्षेत्रात ४०० ते ६०० मेगापास्कल हा नेहमीचा पल्ला आहे आणि संचाची मर्यादा तिथे सुरुवातीलाच संपते. काही जीवाणू प्रतिकूल काळासाठी बनवतात ते टणक बीजाणू तर हजार मेगापास्कललाही दाद देत नाहीत. मध्यम दाबाला ते अंकुरतात आणि मग दुबळे होतात, ही पहिली पायरी या कक्षात सुंदर दिसते. त्यापलीकडे जगलेल्या पेशी मोजण्यासाठी मोठे भांडे लागते.

सुरक्षिततेच्या बाबतीत निर्मात्याने कसूर केलेली नाही. मर्यादेच्या वर दाब गेला तर आधी फुटणारी चकती बसवलेली आहे आणि पंपासमोर जाड पारदर्शक ढाल आहे. पाणी फार थोडे दबते, म्हणून तेवढ्याच दाबाच्या वायूच्या मानाने त्यात साठलेली ऊर्जा बरीच कमी असते. तरीही सुटलेल्या केशनलिकेतून निघणारी पाण्याची बारीक धार त्वचा भेदू शकते, त्यामुळे दाब असताना कोणतीही जोडणी आवळू नये. हा नियम पुस्तिकेत पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत आहे आणि ते योग्यच आहे. सुट्या भागांची सेवा मध्यम आहे. ओ-रिंग आणि पडदे लवकर मिळतात, खिडकीसाठी मात्र फार थांबावे लागते, म्हणून खरेदी करतानाच खिडक्यांची एक जोडी जादा मागून ठेवावी.

ज्यांचा प्रश्न जिवंत पेशींचा आहे, म्हणजे हालचाल, विभाजन, पेशीचा सांगाडा किंवा पटल यांविषयीचा आहे, त्यांनी हा संच निःशंकपणे घ्यावा आणि पहिला प्रयोग ई. कोलायच्या पोहण्याचाच करावा. ज्ञात निष्कर्ष पुन्हा मिळाला की दाबमापक, तापमान आणि प्रतिमा या तिन्हींवर विश्वास ठेवता येतो. ज्यांचा प्रश्न प्रथिनाच्या घडीचा आहे, त्यांनी वर्णपटमापकात बसणारा, अतिनील प्रकाशासाठी बनवलेला वेगळा दाबकक्ष पाहावा. ज्यांना दोन्ही हवे आहे, त्यांना येथील पंप आणि केशनलिका तशाच ठेवून त्यांना दुसरा कक्ष जोडता येतो, कारण जोडण्यांचे आटे प्रचलित मापाचे आहेत. आम्ही सध्या हेच करतो: ट्रिस बफरमधील प्रथिन शेजारच्या कक्षात आणि पेशी या कक्षात, दोन्हींना एकाच पंपाचा दाब देऊन.